मोठ्या जोडीचं लग्न

आमच्या घरात हळू बोलायची पद्धतच नव्हती. बाबांना ऐकू येत नसे म्हणून आई ओरडून बोलायची, आई ओरडते म्हणून मीही ओरडायची, आणि आम्ही दोघी ओरडतो म्हणून बाबांना वाटायचं, आपल्याला अगदी व्यवस्थित ऐकू येतं. विरारला मनवेलपाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या. चाळीच्या भिंती नावापुरत्या. आईने स्टोव्हपाशी बसून "अहो, भाजी कसली करू?" असं विचारलं, की बाबांच्या आधी पलीकडच्या खोलीतून "दुधी करा, वहिनी!" असं उत्तर यायचं. बाबांनी टीव्हीवरच्या बातम्या लावल्या की अख्ख्या चाळीला टीव्ही लावायची गरज उरायची नाही. आजही माझ्या चुलतभावाची मुलगी मला फोनवर म्हणते, "आत्या, फोन न लावताच बोललीस तरी मला ऐकू येईल." येणारच. माझा गळा त्या घरात तयार झाला आहे.

बाबा बोटीवर होते. आमच्या रत्नागिरीकडे ही एवढीच ओळख पुरते. तरुणपण सगळं मालवाहू बोटींच्या इंजिनखोलीत तेल घालण्यात गेलेलं. बोटीचं इंजिन फार वेगाने फिरतं, आणि मागचा पंखा पाण्यात सावकाश फिरायला लागतो, नाहीतर तो नुसताच फेस काढतो. या दोघांच्या मध्ये जो मोठा लोखंडी डबा बसतो, तो गिअरबॉक्स. त्यात दातेरी चाकं एकमेकांत अडकून फिरतात आणि वेगाची ताकद करतात. बाबांची उभं राहायची जागा नेमकी त्या डब्याशेजारी होती. "इंजिन ओरडतं, त्याचं काही नाही," ते सांगायचे, "पण चाकांचे दाते झिजले की डबा किंचाळतो. कानात कापूस घातला तरी हाडातून ऐकू येतं." कायमचे जमिनीवर आले तेव्हा त्यांच्या एका कानात काहीच उरलं नव्हतं आणि दुसऱ्यात थोडंसं. पुढे ते तुळिंजला एका हार्डवेअरच्या दुकानात बसायला लागले. गिऱ्हाईक खिळे मागायचं आणि बाबा विळे काढून द्यायचे. मालक चांगला, त्याने हसण्यावारी नेलं.

आई दुपारी दारात सूप घेऊन बसायची. रेशनचा तांदूळ म्हणजे त्या काळी अर्धा तांदूळ नि अर्धा मुरूम. ती गप्पा मारत असायची, टँकर आला का म्हणून रस्त्याकडे बघत असायची, माझ्या लग्नाची काळजी करत असायची, आणि बोटं मात्र आपली आपण खडे वेचत असायची. पांढऱ्या तांदळातला पांढरा खडा तिला कसा दिसतो, हे मला कधीच कळलं नाही. आमच्या घरी जेवताना दाताखाली खडा आला, असं एकदाही झालं नाही. कुळथाची पिठी, तांदळाची भाकरी, कधी सुकटीची चटणी, एवढंच जेवण. पण भात बिनखड्याचा.

मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि वसई पूर्वेच्या एका गिअरच्या कारखान्यात चिकटले. आधी ड्रॉइंगच्या टेबलावर होते. तिथे मी फार दिवस टिकणार नाही, हे सगळ्यांत आधी ओळखलं ते इनासभाऊंनी. इनासभाऊ जुळणी विभागाचे प्रमुख. वसईकडच्या गावातले कॅथलिक, घरची केळीची वाडी, रविवारची मिस्सा चुकवायची नाही आणि सोमवारी कुणी उशिरा आलेलं खपवून घ्यायचं नाही. मी एक दिवस माझ्याच ड्रॉइंगमधली चूक दाखवायला त्यांच्याकडे गेले, तर ते चष्मा वर करून म्हणाले, "चूक झाकायला येणारे रोज येतात. दाखवायला आलेली तू पहिली. आत येतेस का कामाला?" आमचे मॅनेजर करमरकरसाहेब याला राजी नव्हते. वाईट माणूस नव्हता, पण धास्तावलेला. बायका म्हटलं की बांगड्या, पिना, गजरे, टिकल्या. यातलं एक जरी डब्यात पडलं तर? शेवटी इनासभाऊंच्या शब्दावर त्यांनी मला आत जाऊ दिलं, पण अट घातली: हिच्यामुळे एक वस्तू जरी डब्यात सापडली, तरी ही परत टेबलावर, आणि यापुढे जुळणीत बाई नाही. माझ्या मागून डिप्लोमा करून येणाऱ्या मुलींचा दरवाजासुद्धा माझ्या मनगटावर टांगलेला होता, आणि त्याचा मला भयंकर राग यायचा.

पण आत गेल्यावर राग टिकायचा नाही. आमच्याकडे दोन दालनं होती. एकात लष्कराच्या गाड्यांची आणि रणगाड्यांची दातेरी चाकं बनायची. रणगाड्याला आपल्या मोटारीसारखी पुढची चाकं वळवता येत नाहीत. एका बाजूचा पट्टा हळू आणि दुसऱ्या बाजूचा जोरात फिरवला की तो सगळा डोंगर वळतो, आणि ही किमया करतात पोटातले गिअर. हे मला पहिल्यांदा समजलं त्या दिवशी मी घरी आईच्या पोळपाटावर दोन वाट्या फिरवून तिला दाखवत बसले होते. ती म्हणाली, "वाट्या ठेव गो बाय, आमटी वाढायची आहे." दुसरं दालन जहाजांचं. तिथला कायदा वेगळा. रणगाड्याच्या गिअरने दणके सोसायचे, जहाजाच्या गिअरने आवाज करायचा नाही. लढाऊ जहाजाच्या डब्यातला आवाज पाण्यातून दूरवर जातो, आणि खाली दडून बसलेला शत्रू नुसता कान लावून ओळखतो की कोण चाललंय. इनासभाऊ म्हणायचे, आपल्या दात्याने तोंड उघडलं तर वरच्या पोरांचा जीव जाईल. मी मान हलवायची आणि मला बाबा दिसायचे, कानात कापूस घातलेले.

ते मोठं चाक मी प्रथम पाहिलं तेव्हा माझ्याच्याने बोलवेना, आणि माझ्या बाबतीत ही किती मोठी गोष्ट आहे ते आता तुम्हाला कळलं असेल. माझ्या उंचीहून मोठं. कडेने दाते, पण सरळ नाहीत. अर्धे डावीकडे कललेले, अर्धे उजवीकडे, मध्ये येऊन भेटणारे, थेट पापलेटच्या काट्यासारखे. नुसते एका बाजूला कललेले दाते चाकाला बाजूला ढकलतात. दोन्हीकडचे कल एकमेकांना अडवतात आणि चाक जागेवर राहतं. भट्टीत घालून कातडी कडक केलेली, आतला गाभा मात्र चिवट, म्हणजे दणका बसला तर दाता तुटणार नाही. मग इतकं बारीक घासलेलं की केस उभा चिरला तरी जाड ठरावा. त्यात चेहरा दिसायचा. दात्यांची संख्याही मुद्दाम अशी काढलेली की लहान चाकाचा प्रत्येक दाता मोठ्याच्या प्रत्येक दात्याला फिरत फिरत कधी ना कधी भेटतोच, एकाच दात्याशी सलगी नाही. नव्या सुनेने सासरच्या सगळ्यांशी जमवून घ्यावं, तसं. माणसाने हे हाताने केलं, हे मला पटायचंच नाही. आजही पटत नाही, आणि मी ते स्वतः केलेलं आहे.

या सासर-सुनेच्या बोलण्याला कारण होतं. आमच्याकडे दोन चाकं एकमेकांसाठी घासली जायची आणि मग जन्मभर बरोबर राहायची. एक बदललं तर दुसरंही बदलायचं. म्हणून तिला जोडी म्हणायचे. लहान चाकाच्या दात्यांना निळा रंग लावून ते हाताने मोठ्यावर फिरवायचं, आणि निळा डाग समोरच्या दात्यावर कुठे उमटतो ते बघायचं. डाग टोकाला आला तर जोडी आवाज करणार. मधोमध सारखा पसरला तर जमलं. या कामाला दालनात सगळे "हळद लावणे" म्हणायचे. निळ्या रंगाला हळद! आणि दोन्ही चाकं खालच्या अर्ध्या डब्यात आपापल्या जागी बसली, की "लग्न लागलं." त्यानंतर वरचा अर्धा भाग बसवून डबा बंद. ही भाषा कुणी सुरू केली ठाऊक नाही, पण नौदलाची कामं तपासायला येणारे साहेबसुद्धा विचारायचे, "हळद झाली का?"

घरात मात्र या कामावरून रोज भांडण. जुळणीत जायचं तर अंगावर काही ठेवायचं नाही. अंगठी नाही, पिन नाही, खिशात पेन नाही, आणि बांगड्या तर अजिबात नाहीत. सकाळी मी मोकळ्या हातांनी निघाले की आईचा जीव खालीवर व्हायचा. "लग्नाची पोर तू, आणि असे भुंडे हात घेऊन अख्ख्या विरारातून जातेस? बघणारे काय म्हणतील?" मी ओरडून सांगायची, "म्हणू देत!" पलीकडून आवाज यायचा, "बरोबर आहे तिचं, वहिनी." मग आई भिंतीशी भांडायची आणि मी कंपनीच्या मिनीबससाठी पळायची.

एका वर्षी खंडेनवमीला मोठी जोडी नुकतीच बसली होती. खंडेनवमीला आमच्याकडे काम बंद, कारखाना धुऊन पुसून काढायचा, यंत्रांना झेंडूच्या माळा, आणि सगळ्यांच्या घरच्यांना आमंत्रण. एरवी उघडा डबा प्लॅस्टिकखाली झाकलेला असायचा. पण घरच्यांनी बघू नये तर कुणी बघावं, म्हणून त्या दिवशी इनासभाऊंनी प्लॅस्टिक काढलं आणि चार बाजूंनी दोरी बांधली. आई-बाबा पहिल्यांदाच आले होते. आईने नवी हिरवी साडी नेसली होती, बाबा डब्याकडे बघत नुसते उभे होते. तिथे आमचा हरेश होता, मिठागराकडच्या गावातला, ग्राइंडिंग मशीनवरचा, अतिशय थट्टेखोर. त्याने आईला वाकून सांगितलं, "मावशी, आज मोठ्या जोडीचा लगीन हाय. अक्षता नाय आनल्या का?"

आता माझ्या आईला थट्टा कळत नाही, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक. आणि तिने अक्षता आणल्या होत्या! यंत्राची पूजा आहे म्हणून कुंकवात भिजवलेल्या, रुमालाच्या पुरचुंडीत. पलीकडे मालकांनी नारळ फोडला, आरती संपली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, इनासभाऊ बाबांसकट सगळ्या पाहुण्यांना रणगाड्यांच्या दालनात घेऊन गेले. आणि माझ्या डोळ्यांदेखत आईने दोरीवरून हात पुढे केला आणि मांडवातल्या मानाच्या करवलीच्या थाटात, भरभरून अक्षता टाकल्या. लाल तांदूळ त्या आरशासारख्या दात्यांवरून उड्या मारत खाली गेले. मला त्यांचा आवाज ऐकू आला. बारीक, टिकटिक असा. हरेशच्या तोंडचं पाणी पळालं. तो माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "मेलो ना आपन."

मी काय केलं? आधी प्लॅस्टिक ओढून घेतलं, आणखी कुणाला आशीर्वाद द्यायची हुक्की येऊ नये म्हणून. मग आईचा दंड धरला आणि तिला बसपर्यंत अक्षरशः वाहून नेलं. दाते कडक होते, तांदळाने त्यांना काही होणार नव्हतं. पण डब्याच्या अंगात तेलाच्या वाटा असतात आणि त्यांची तोंडं मुगाच्या दाण्याएवढी. तेलात भिजलेला एक तांदूळ तिथे बसला की पुढचं बेअरिंग कोरडं पडणार, आणि कोरडं पडलं की डबा आधी किंचाळणार नि मग धुमसणार, भर समुद्रात.

संध्याकाळी घरी आमचं जे भांडण झालं ते चाळीला ऐकू जाऊन चालणार नव्हतं. म्हणून जन्मात पहिल्यांदा आई आणि मी कुजबुजत भांडलो. बाबा समोर बसले होते. दोघींची तोंडं हलताहेत आणि आवाज येत नाही, हे बघून ते घाबरून म्हणाले, "काय गं, कोण गेलं?" मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. मी आईला म्हटलं, "तुला अक्कल आहे का? माझी जागा जाईल. माझ्या मागच्या सगळ्या मुलींची जाईल. लोखंडावर कसल्या अक्षता टाकतेस?" आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "ह्यांचे कान असल्याच डब्याने खाल्ले गो. लग्न होऊन आले तेव्हा ह्यांना माझा आवाज आवडायचा. मी काम करताना गुणगुणायचे ते ह्यांना अंगणात ऐकू जायचं. नंतर मी ओरडायलाच लागले. तो हरेश म्हणाला जोडीचं लग्न आहे, तर म्हटलं, ही जोडी तरी गुण्यागोविंदाने नांदू दे. कुणाच्या नवऱ्याचे कान नको खायला." माझा राग कुठे गेला कळलं नाही. आम्ही दोघी रडलो, तीही आवाज न करता, आणि बाबा पुन्हा विचारत राहिले, "अगं, पण गेलं कोण?"

दुसऱ्या दिवशी दसरा. आईने आपट्याची पानं घेतली आणि म्हणाली, "चल, तुझ्या साहेबांना सोनं द्यायला. मीच सांगते." इनासभाऊंच्या वाडीत मी त्याआधी गेले नव्हते. विहीर, केळी, ओट्यासमोर फुलं वाहिलेला क्रूस, आणि दारात वाळत घातलेली सुकेळी. आईने वाकून त्यांच्या हातात पान ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं, स्वतःचा दोष न लपवता, हरेशला मध्ये न आणता. इनासभाऊंनी डोळे मिटले. "देवबापा," ते म्हणाले. मग विचारलं, "किती टाकल्या असतील?"

"अक्षता कुणी मोजून टाकतं का हो?" आई कळवळून म्हणाली.

"बरोबर आहे," इनासभाऊ म्हणाले. "चुकलं माझं. मीच प्लॅस्टिक काढलं होतं." आणि त्यांच्या बाईंनी आमच्यापुढे सुकेळीची बशी ठेवली. गोड पदार्थ घशाखाली उतरत नाही, असा माझ्या आयुष्यातला तो एकच प्रसंग.

कारखाना उघडला तेव्हा इनासभाऊंनी स्वतः करमरकरसाहेबांना सांगितलं. साहेब खुर्चीतून उठले, बसले, पुन्हा उठले. डब्यात काही पडलं तर काढायला आमच्याकडे लांब दांड्याचं चुंबक होतं. नट पडो, पिन पडो, चुंबक फिरवलं की हाती. पण तांदूळ चुंबकाला चिकटत नाही! दोन्ही चाकं क्रेनने वर उचलली. डब्याच्या तळाशी, खाचांमध्ये, दात्यांच्या बेचक्यांत दाणे अडकलेले. काहींचा कुंकवाचा रंग तेलाने निघून गेलेला, आणि मोत्यासारखे पारदर्शक झालेले. बॅटरी मारली की सगळीकडे नुसती चकाकी, दाणा दिसेचना. साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी आधीच सांगितलं होतं. एकही दाणा राहिला तर मला माझा शब्द पाळावा लागेल."

आई माझ्याबरोबर आली होती, फाटकापाशी बसून होती. तिला आत बोलावलं कुणी नाही, ती आली. म्हणाली, "साहेब, मी जन्मभर तांदळातले खडे निवडते. मला लोखंडातले तांदूळ निवडू द्या." करमरकरसाहेबांनी इनासभाऊंकडे पाहिलं. इनासभाऊ म्हणाले, "पण बाई, आत जायचं तर बांगड्या चालत नाहीत."

मला वाटलं, झालं. माझी आई, सवाष्ण, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हात मोकळे करणार? मंगळसूत्र अ‍ॅप्रनच्या आत, गळ्यापर्यंत बटण लावून झाकता आलं. पण बांगड्या काचेच्या, हिरव्या, लग्नापासून मनगटात घट्ट बसलेल्या नेमाच्या. आईने दोन्ही हात माझ्यासमोर धरले. "उतरव," ती म्हणाली, "पण एकही वाढवायची नाही." मी गिअरचं तेल घेतलं, जे आम्ही त्याच डब्यात घालणार होतो, आणि तिच्या मनगटांवर चोळलं. हात दाबत, अंगठा मिटत, एकेक बांगडी सरकवत मी उतरवल्या. एकही वाढली नाही. त्या माझ्या रुमालात बांधल्या. आईचे मोकळे हात मी प्रथमच बघत होते. मनगटांवर गोऱ्या रेघा उमटल्या होत्या. ती स्वतःच्या हातांकडे बघून म्हणाली, "रोज असे घेऊन जातेस होय गो तू?" आणि आत गेली.

तिला स्टूल दिलं. बॅटरी नको म्हणाली. "उजेड समोरून मारलात तर सगळं सारखंच दिसतं. खिडकीकडची बाजू करा." क्रेनवाल्याने टांगलेलं चाक खिडकीकडे वळवलं. मग तिने एका बोटाने दात्यामागून दाता, बेचक्यामागून बेचकं, असं जायला सुरुवात केली. मी ताटली धरून उभी. ती डोळ्यांनी कमी आणि बोटाने जास्त बघत होती. हरेश दारात उभा राहून गणपतीला काहीतरी बोलत होता. मध्येच आई थांबली. मला वाटलं दाणा लागला. पण ती दात्यात स्वतःचा चेहरा बघत होती. "केवढं सुंदर गो हे," ती म्हणाली. "हे तुम्ही केलंत? तू पण?" मी मान हलवली. हो म्हणाले तेही इतकं हळू की तिला ऐकू गेलं नसेल. कधीकाळी मी तिला पोळपाटावर वाट्या फिरवून दाखवल्या आणि तिने आमटी वाढली. त्या दुपारी तिने एका दात्यावरून असा हात फिरवला की माझ्या डिप्लोमाच्या कागदापेक्षा मला तो मोलाचा वाटला.

चाकं झाली, तळ झाला, खाचा झाल्या. ताटलीत लालसर ढीग जमला. मग तेलाच्या वाटांमधून गरम तेल सोडलं आणि ते खाली बारीक जाळीतून गाळलं. जाळीवर अर्धा तांदूळ आला. करमरकरसाहेबांनी श्वास रोखला. पुन्हा तेल सोडलं, काही नाही. पुन्हा, काही नाही. आई जाळीवर वाकून, नाक टेकेपर्यंत बघत म्हणाली, "आता भात खायला हरकत नाही." साहेब हसले. आम्ही सगळे वेड्यासारखे हसलो. बाहेर येऊन मी तिच्या हातात परत बांगड्या चढवल्या, आणि त्यानंतर माझ्या मोकळ्या हातांबद्दल तिने एक अक्षर काढलं नाही.

पण खरी परीक्षा राहिली होती. डबा बंद झाला, चाचणीच्या चौथऱ्यावर चढला, नौदलाचे साहेब आवाज मोजायचं यंत्र घेऊन आले. जाळी स्वच्छ निघाली म्हणजे वाटा स्वच्छ असतीलच असं नाही. एखादा दाणा कुठल्यातरी कोपऱ्यात चिकटून बसलेला असू शकतो, तेल तापल्यावर सुटणारा. इनासभाऊंनी क्रूसाची खूण केली, हरेशने कानाची पाळी धरली, आणि मोटार चालू झाली. आधी हळू. मग वेग वाढत गेला. आत ते आमचं प्रचंड चाक फिरत होतं, काट्यांत काटे गुंतवून, प्रत्येक दाता प्रत्येक दात्याला भेटत. मी बाबांच्या जागी उभी होते, डब्याशेजारी. किंचाळीची वाट बघत होते. ती आली नाही. वेग पूर्ण झाला. तेल तापलं. तरी नाही. फक्त शेजारच्या खोलीत पंखा चालू असावा तेवढी घरघर. मोटारच डब्यापेक्षा मोठ्याने ओरडत होती. मी डब्यावर हात ठेवला. केवढी ताकद आत चालली होती, आणि हाताला मुंग्यांएवढीही थरथर नव्हती. देवळात, चर्चमध्ये, समुद्रासमोर माणसाला काय वाटतं म्हणतात, ते मला तिथे वाटलं. नौदलाच्या साहेबांनी यंत्रावरून मान वर केली आणि इनासभाऊंचा हात हातात घेतला. करमरकरसाहेब माझ्याजवळ आले. म्हणाले, "उद्यापासून पुढची जोडी तुम्ही लावा. आणि आणखी कुणी मुलगी असेल डिप्लोमावाली, तर सांगा."

त्या कारखान्याच्या जागी आता गोदामं आहेत. जहाज कुठे आहे, मला कधी कळलं नाही. असल्या गोष्टी आम्हाला सांगत नसत. आवाज नसलेली वस्तू कुठे असते, हे कळू नये हेच बरं.

मी घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. आई दारातच उभी होती, हातात हळदीकुंकवाचं पंचपाळं तसंच. "काय गो?"

"आवाज नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"नांदतायत, आई. गुण्यागोविंदाने."

तिने तोंडावर हात ठेवला. मग वळली, टीव्हीसमोर बसलेल्या बाबांकडे गेली आणि त्यांच्या त्या बऱ्या कानाशी वाकून, असेल नसेल तेवढा जीव एकवटून ओरडली, "अहो! लेकीच्या डब्याला आवाज नाही हो! जराही आवाज नाही!"

पलीकडून आवाज आला, "अभिनंदन, वहिनी!"

बाबांनी टीव्ही बंद केला. खोलीत एकदम इतकं शांत झालं की स्टोव्हची फरफर ऐकू यायला लागली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, डोळे भरलेले. मग आईचा हात धरून तिला शेजारी बसवलं, आणि त्या घरात मी कधी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता इतक्या हळू आवाजात म्हणाले,

"आवाज नाही ना? मग ओरडतेस कशाला?"